घरचा कॉम्प्युटर फार सावकाश चालालाय : नवा घेण्याआधी काय काय बघावं?

शहापूरची लेक
सोमवार, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. बाबांचा कॉम्प्युटर २०१६ साली घेतलेला. डेस्कटॉप आहे, सहाव्या पिढीचा आय-थ्री, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क १ टीबी, विंडोज १०. बाबा निवृत्त झाल्यापासून गावाकडची देवळं, जात्यावरच्या ओव्या, जुनी घराणी यांच्यावर लिहितात. रोज सकाळी चहा झाला की कॉम्प्युटरपुढे बसतात. गेल्या पाच-सहा महिन्यांत तो इतका सावकाश झालाय की आज मी मोबाइलवर वेळ लावून बघितली. बटण दाबल्यापासून लिहायची फाइल उघडेपर्यंत ११ मिनिटं २० सेकंद. बाबा बटण दाबून पूजा उरकून येतात, तरी तो तयार नसतो.

एका दुकानात नेला होता. त्यांनी उघडूनही न बघता सांगितलं, जुना झाला, नवा घ्या, चाळीस हजार धरून चला. भाऊ बंगळूरला असतो, तो म्हणतो फॉरमॅट मार. पण बाबांचं पंधरा वर्षांचं लिखाण त्यात आहे, म्हणून मी कुणाला हात लावू दिलेला नाही. नवा घ्यायचाच झाला तर घेऊ, पण बिघडलंय काय ते कळल्याशिवाय पैसे घालावेत असं वाटत नाही. घरच्या घरी काय तपासता येईल?


निपाणी स्टँड
सोमवार, रात्री १०.०२

अक्का, फॉरमॅट मारू दिला नाही ते फार चांगलं केलंत. मी अठरा वर्षं दुरुस्तीत आहे. आधी बघायचं, मग हात लावायचा.

चालू केल्यावर दहा मिनिटं त्याला काही काम सांगू नका. सुरुवातीला विंडोज अपडेट शोधतं, अँटिव्हायरस झडती घेतो, तेव्हाचे आकडे धरायचे नसतात. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. खाली 'मोअर डिटेल्स' दिसलं तर त्यावर क्लिक करा. सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क असे रकाने दिसतील आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टक्के. काहीही उघडलेलं नसताना कुठला रकाना ९० च्या वर चिकटून बसलाय ते सांगा. रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो.

त्यानंतर 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. खाली 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' असतो, मिलिसेकंदात. पाच मिनिटं बसून तो आकडा कुठून कुठं जातोय ते लिहून घ्या. मेमरीत 'स्लॉट्स यूज्ड' काय दाखवतो तेही. एवढं कळलं की पुढचं बोलू. तोवर एक रुपयाही खर्च करू नका.


येळ्ळूरचा पोरगा
सोमवार, रात्री १०.२०

अक्का, सोपं आहे. व्हिडिओ बघून मी माझ्यावर केलंय. विंडोजच्या प्रीफेच फोल्डरमधलं सगळं उडवा, विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही साफ करणारा एखादा रजिस्ट्री क्लीनर घाला आणि एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत जाऊन प्रोसेसरची संख्या ४ करा. माझा लगेच पळायला लागला.


निपाणी स्टँड
सोमवार, रात्री १०.४१

मित्रा, मदत करायची म्हणूनच सांगालायस हे कळतंय, पण यातलं एकही अक्कांनी करू नये.

कुठला प्रोग्रॅम उघडताना काय काय लागतं याच्या नोंदी प्रीफेचमध्ये असतात. त्या उडवल्या की पुढच्या वेळी तो प्रोग्रॅम उलट उशिरा उघडतो, मग विंडोज त्याच नोंदी पुन्हा लिहून काढतं. प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे आतले काम करणारे भाग, विंडोज आपणहून वापरतं. एमएसकॉन्फिगमधला तो आकडा मर्यादा घालण्यासाठी असतो. कमी टाकलास तर उरलेले कोअर नुसते बसून राहतात. आणि रजिस्ट्री क्लीनरला मायक्रोसॉफ्टचा स्वतःचाच पाठिंबा नाही. नको ती नोंद उडाली तर विंडोज उठतच नाही. असली मशिनं मी हातानं दुरुस्त केलीत.

तुझा पळायला लागला तो, मला वाटतं, हे सगळं झाल्यावर तू रीस्टार्ट केलास म्हणून.


खानापूरच्या बाई
मंगळवार, सकाळी ६.५०

रीस्टार्टबद्दल मलाही सांगायचं आहे, कारण हे मला फार उशिरा कळलं. मी रोज रात्री न चुकता शट डाउन करते. तरी एकदा परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली 'अप टाइम', म्हणजे मशिन किती वेळ सलग चालू आहे, तो बघितला तर ३१ दिवस. मला वाटलं घरातलं कुणीतरी चालू ठेवतंय. तसं नव्हतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शट डाउन केलं की आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आहे तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. आधी अडकलेलं काही असेल तर तेही तसंच राहतं. रीस्टार्ट केलं तरच सगळं नव्यानं सुरू होतं. आठवड्यातून एकदा शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा.

अजून एक. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून पाच वेळा जाते. डेस्कटॉप धाडकन बंद पडला की हार्ड डिस्कला ते सोसत नाही. यूपीएस नसेल तर तो आधी घ्या.


शहापूरची लेक
मंगळवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. वही-पेन घेऊन बसले होते. काहीच उघडलेलं नसताना सीपीयू ८ टक्के, मेमरी ८१, डिस्क १००. डिस्क शंभरावरून हललीच नाही. रिस्पॉन्स टाइम कधी १,८०० तर कधी ४,६०० मिलिसेकंद. स्लॉट २ पैकी १ वापरात. अप टाइम ४६ दिवस, बाई!

रीस्टार्ट करून पुन्हा वेळ लावली, १० मिनिटं ५ सेकंद. मग टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मध्ये गेले. चौदा प्रोग्रॅम आपोआप सुरू होत होते. त्यात चार वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या प्रिंटरचा एक. अँटिव्हायरस दोन, एक चालू आणि एक मुदत संपलेला पण तसाच बसलेला. मुदत संपलेला कंट्रोल पॅनेलमधून काढला, बाकीचे ओळखीचे तेवढे 'डिसेबल' केले. आता ७ मिनिटं ४० सेकंद. मला तर फार आनंद झाला, पण डिस्क अजून शंभरच दाखवते. डिफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले तुकडे ओळीत लावायचं काम, करू का?


निपाणी स्टँड
मंगळवार, रात्री ८.४४

नको! डिफ्रॅग नको, डिस्क तपासणारा चेकडिस्क नको, काही म्हणता काही नको. तो ४,६०० चा आकडा वाचून जेवणावरून उठून लिहितोय. अक्का, आज रात्रीच बाबांचं लिखाण दुसरीकडे उतरवा. पेन ड्राइव्ह असेल, बाहेरची डिस्क असेल, जे हाताशी आहे त्यावर.

कारण सांगतो. तुमच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, बहुतेक मिनिटाला ७,२०० वेळा. म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८ मिलिसेकंद. वरचा हात हव्या त्या जागी सरकायला आणखी तितकाच वेळ. धडधाकट डिस्क एक बारीकसा तुकडा १० ते १५ मिलिसेकंदांत आणून देते. कामाची रांग लागली तर शे-दोनशे होतात, तेही समजू शकतो. पण साडेचार हजार म्हणजे बहुतेक वेळा ती एकाच जागेवर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे आणि तिला वाचता येत नाही. डिफ्रॅग आणि चेकडिस्क तिला कोपरा न् कोपरा फिरवतात. थकलेल्या डिस्कला तेवढ्यानंच शेवटचा धक्का बसू शकतो.

उतरवताना पूर्ण फोल्डर एकदम ओढू नका. आधी सगळ्यात मोलाचं, मग बाकीचं. एखादी फाइल अडली तर 'स्किप' करून पुढं जा, तिच्याकडे शेवटी बघू. सगळं उतरल्यावर डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवा आणि तो काय म्हणतो ते कळवा. तपासणी नंतर.


डीटीपी अनगोळ
मंगळवार, रात्री ९.०५

अक्का, तुमचे बाबा लिहितात कशात? युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठी तशीच दिसते त्या पद्धतीत, की श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये? जुना फाँट असेल तर नुसत्या फाइली उतरवून भागणार नाही.

आपल्या भागातल्या बऱ्याच जुन्याजाणत्या लोकांचं लिखाण जुन्या फाँटमध्ये आहे. या फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि तो ठराविक फाँट त्यांच्या जागी 'क', 'ख' काढून दाखवतो. फाँट नसेल तर ओवीच्या जागी नुसता कचरा दिसतो. म्हणून विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधले मराठी फाँट, सॉफ्टवेअरची मूळ सीडी, आणि मागे यूएसबीला किंवा प्रिंटरच्या पोर्टला सॉफ्टवेअरची किल्ली म्हणून छोटा डोंगल लावलेला असेल तर तो, सगळं एका जागी ठेवा. तो डोंगल कुणीतरी जुना पेन ड्राइव्ह समजून टाकून देतं आणि मग सॉफ्टवेअर उघडत नाही.

सावकाशपणाशीही याचा संबंध आहे. मी मराठी आणि कन्नड दोन्ही लावतो. श्री-लिपी, नुडी, बरह, शिवाय गिऱ्हाइकांनी आणून दिलेले, असे करता करता माझ्या मशिनात चौदाशेच्या वर फाँट झाले होते. वर्ड उघडायला मिनिट लागायचं, फाँटची यादी खाली ओढली की सगळं थिजायचं. कामाचे दीडशे ठेवले, बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये काढले. दुसऱ्याच मिनिटाला फरक दिसला.


वडगावचा माग
मंगळवार, रात्री १०.१०

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या घरात माग आहे. माझा लॅपटॉप आहे, त्यात एसएसडीच आहे, म्हणजे तबकडी नसलेली डिस्क. डिस्क ३ टक्के, मेमरी ५०, पण अर्ध्या तासानं साडीचं डिझाइन उघडलं की माउससुद्धा अडकत अडकत जातो. सकाळी थंड असताना एकदम मस्त चालतो. काय असेल?


निपाणी स्टँड
मंगळवार, रात्री १०.२८

अण्णा, घरात माग आहे म्हणालात तिथंच निम्मं उत्तर आहे. परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली 'स्पीड' आणि 'बेस स्पीड' असे दोन आकडे असतात. अडकायला लागला की लगेच बघा. बेस २.४० आणि चालू ०.७९ असं काही दिसलं तर प्रोसेसर तापलाय आणि जळू नये म्हणून त्यानंच आपला वेग पाडलाय. मागाच्या धाग्याचे बारीक तंतू पंख्यामागच्या जाळीत बसतात, पाच-सहा महिन्यांत तिथं नमद्यासारखा थर होतो. बाहेरून दिसत नाही.

मागचं झाकण उघडून ब्लोअर मारायचा, पण पंख्याचं पातं बोटानं धरून. नाहीतर हवेच्या जोरानं पंखा भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्यानं स्थिर वीज तयार होते. चार वर्षांच्या वर झाली असतील तर प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्टही बदलून घ्या. आणि गार असतानाही तो ०.७९ च दाखवत असेल तर चार्जर बघा. काही लॅपटॉप न ओळखलेल्या चार्जरवर मुद्दाम हळू चालतात.


शहापूरची लेक
बुधवार, रात्री ११.४०

काल रात्री दोनपर्यंत बसून उतरवलं. बाबा शेजारी बसून होते. ओव्यांचं फोल्डर आधी घेतलं, ८४० फाइली. त्यातल्या तीन अडल्या. रीस्टार्ट करून परत प्रयत्न केल्यावर दोन आल्या. एक आलीच नाही. बाबा म्हणाले, तिचा कागदावरचा मजकूर आहे, मी परत टाइप करीन.

क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं दाखवतो, 'कॉशन', म्हणजे सावध. सी५ या ओळीपुढे शेवटी ४८ लिहिलंय. म्हणजे ४८ जागा खराब का?


निपाणी स्टँड
गुरुवार, सकाळी ७.१५

लिखाण बचावलं, आता निवांत बोलू. सी५ म्हणजे वाचता न आलेल्या, अजून निकाल न लागलेल्या जागा. तो प्रोग्रॅम आकडे सोळाच्या हिशेबात दाखवतो. ४८ म्हणजे चार सोळं चौसष्ट आणि आठ, ७२ जागा. ही डिस्क आता भरवशाची नाही. पण कॉम्प्युटर तिच्यासकट भंगारात काढायचं काही कारण नाही.

२५० जीबीच्या आसपासची साधी साटा जोडणीची एसएसडी घ्या. डेस्कटॉप आहे म्हणजे एक साटा केबलही लागेल, ती आठवणीनं मागा. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळं तुमची डिस्क सेकंदाला शंभरएक बारीक तुकडे वाचते तिथं ही हजारोंनी वाचते. विंडोज चालू होताना सगळे असले बारीक तुकडेच वाचायचे असतात. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करत बसू नका, नवं विंडोज घाला. मदरबोर्ड तोच आहे आणि आधीचं विंडोज अधिकृत होतं, तेव्हा इंटरनेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

रॅम दुसऱ्या टप्प्यात. ८१ टक्के म्हणजे ब्राउझर उघडला की भरलीच. एक स्लॉट रिकामा आहे ते बरं झालं, जोडीला आणखी ४ किंवा ८ जीबी बसेल. सहाव्या पिढीच्या बोर्डांत काहींना डीडीआर४ लागते, काहींना डीडीआर३एल, आणि एकाच्या जागी दुसरी बसत नाही. आत आहे तिच्यावरचा कागद वाचून मगच घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढलेत, जुनी चांगली मिळाली तर बघा. सिस्टिम टाइप ६४-बिट आहे ना तेही बघून ठेवा. ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही.


पुण्यातला टिळकवाडीकर
गुरुवार, सकाळी ९.३०

नवं विंडोज घालायच्या आधी हेही ठरवून घ्या. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, म्हणजे तुमचा प्रोसेसर अधिकृतपणे बसत नाही. आडवाटेनं घालतात लोक, पण वडीलधाऱ्यांच्या मशिनवर मी घालणार नाही.

माझ्या आईच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम आहे, एक्सएफसीई या हलक्या प्रकारातली. ४ जीबीवरही नीट चालते. इनस्क्रिप्ट कीबोर्डनं मराठी उमटतं, कन्नडही. पण श्री-लिपीसारखं विंडोजचं सॉफ्टवेअर त्यावर चालेल असं धरू नका. बाबा जुन्या फाँटमध्ये लिहीत असतील तर आधी सगळं लिखाण युनिकोडमध्ये आणा, मगच लिनक्सचा विचार करा.


चिकोडीचा दादा
गुरुवार, दुपारी १.०५

एक सावधगिरीची गोष्ट. माझ्या काकांचा कॉम्प्युटर असाच सावकाश होता. स्क्रीनवर मोठी खिडकी आली, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो व्हायरस, या नंबरवर फोन करा.' काकांनी केला. समोरच्यानं एक ॲप घालायला सांगून ताबा घेतला आणि बँकेतून पैसे गेले. त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला म्हणून थोडे अडवता आले. असली खिडकी आली की नंबर लावू नका, वायफाय बंद करून घरातल्या कुणाला तरी बोलवा. बाबांनाही हे सांगून ठेवा, अक्का.


वडगावचा माग
शनिवार, संध्याकाळी ६.००

लॅपटॉप उघडला. जाळीवर तळहाताएवढा तंतूंचा पापुद्रा, तसाच्या तसा निघाला. पातं धरून ब्लोअर मारला. स्पीड ०.७८ वर जात होता, आता दोन तास डिझाइन केलं तरी २.३ च्या खाली गेला नाही. पंख्याचा आवाजही बसला. आता मागापासून लांब, माडीवर ठेवलाय. अण्णा, फार उपकार झाले.


शहापूरची लेक
शनिवार, रात्री ९.५०

एसएसडी बसवली. झाकण मीच उघडलं, केबल मीच लावली. आधी हातानं कॅबिनेटचं लोखंड धरलं होतं, निपाणीच्या अण्णांनी फोटोवर खुणा करून दिल्या होत्या. सध्या विंडोज १० च घातलंय आणि अपडेटसाठी नाव नोंदवलंय. बटणापासून बाबांची फाइल उघडेपर्यंत ४१ सेकंद. डिस्क १ ते २ टक्के. बाबा पूजेला उठायच्या आत ती तयार झाली, ते परत खुर्चीत बसले आणि राहिलेली ओवी कागदावरून टाइप करायला घेतली.

रॅम अजून घेतलेली नाही, पुढच्या महिन्यात. पण आता एक नवीनच. रात्री भिंतीवरच्या बोर्डाची वीज बंद केली की सकाळी तारीख २०१६ ची दाखवतो आणि कुठलीही वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही. माझ्या हातून काही बिघडलं का?


निपाणी स्टँड
शनिवार, रात्री १०.१२

काही बिघडलेलं नाही. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. दहा वर्षं झाली, संपला. तारीख मागे गेली की वेबसाइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटतं, म्हणून तो अडवतो. घड्याळाच्या दुकानात मिळेल. वीज पूर्ण काढून, बाजूची पट्टी हळूच दाबली की जुना वर उडतो. नवा लिहिलेली बाजू वर ठेवून बसवा आणि तारीख लावा.


डीटीपी अनगोळ
शनिवार, रात्री १०.३०

अक्का, बाबांचे फाँट नव्या विंडोजमध्ये घातलेत ना? ८४० फाइली जुन्या फाँटमध्ये असतील तर मी युनिकोडमध्ये करून देतो. माझ्याकडे त्याचं कन्व्हर्टर आहे. जोडाक्षरं आणि रफार कधी कधी चुकतात, त्यामुळं बाबांनी शेजारी बसून वाचायला हवं. उद्या रविवार आहे, दुकान बंद. दहाच्या सुमारास येतो. डोंगल असेल तर मागे लावलेलाच असू दे, आणि ती कागदावरची ओवी पण काढून ठेवा, आधी तीच करू.